रॅममधून डिस्क कापायची घाई नको, बाई

अगं, तुझ्या दिरानं सुचवलेली रॅम डिस्क वाईट नाही. पण ती तुमच्या त्या मंद झालेल्या जुन्या डेस्कटॉपसाठी नाही. काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून आज नीट सांगते. जावईबापूंनाही वाचून दाखव.

रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि विंडोजला सांगायचं की ही एक ड्राइव्ह आहे. सी, डी असते तशी. तिच्यात फाइल टाकली की ती डोळ्यांदेखत उघडते, कारण हार्ड डिस्कसारखं फिरणारं काहीच नाही. वेग मोजायचा प्रोग्रॅम लावला तर आकडे असे येतात की माणूस हरखूनच जातो. तुझा दीर त्या आकड्यांनाच भुलला असणार.

पण तुमची हिशेबाची टॅली त्या ड्राइव्हवर आपोआप कशी जाईल? सकाळी मशीन सुरू केलं की आधी जुन्या हार्ड डिस्कवरूनच सगळं वाचून रॅममध्ये आणायचं. म्हणजे वाट बघणं सुटलं नाही, फक्त आधी आलं. काही सॉफ्टवेअर बंद करताना ती ड्राइव्ह हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतात आणि सुरू होताना परत भरतात. मग तर मशीन सुरू व्हायलाच जास्त वेळ लागतो.

आणि मोकळी रॅम विंडोज काही रिकामी ठेवत नाही. एकदा वाचलेल्या फाइल ती स्वतःच तिथं धरून ठेवते. टॅली बंद करून लगेच पुन्हा उघड, दुसऱ्यांदा पटकन उघडेल. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघ. तिथं ‘कॅश्ड’ म्हणून आकडा दिसतो ना, तो हाच. गरज पडली की ती जागा विंडोज सोडूनही देते. रॅम डिस्क मात्र बहुधा जागा अडवून बसते, आत काही असो वा नसो.

तुमच्याकडे रॅम 4 जीबी. विंडोज, ब्राउझर आणि अँटिव्हायरस मिळूनच ती जवळपास संपते. त्यातून एक जीबी कापलीस तर उरलेल्यात भागत नाही, आणि विंडोज रॅममधला माल हार्ड डिस्कवर टाकायला लागते. वीतभर ओट्यावर मिक्सरला कायमची जागा दिली की पोळ्या लाटायच्या कुठं, तसं होतं. ज्या डिस्कपासून पळायचं, तिच्याच दारात पुन्हा उभं.

एके काळी या युक्तीला खरंच अर्थ होता. डॉसच्या दिवसांत प्रोग्रॅमला 640 केबीच्या पलीकडची मेमरी सहज वापरता यायची नाही. मग वरची रॅम पडून राहण्यापेक्षा तिची ड्राइव्ह करत. त्यासाठी रॅमड्राइव्ह नावाची फाइल डॉससोबतच यायची. विंडोज 98 ची स्टार्टअप फ्लॉपीसुद्धा रॅममध्ये छोटी ड्राइव्ह करून आपली हत्यारं तिथं उलगडायची. फ्लॉपीच्या मानानं ते विमानच! आजही 16 किंवा 32 जीबी रॅम असेल आणि तात्पुरत्या फाइलींचा ढीग पडणारं काम असेल, तर खुशाल करावी.

तुमच्या भोसरीच्या जॉबवर्कची बिलं, जीएसटी आणि ड्रॉइंगं तात्पुरती नाहीत. रॅममधलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. तुमच्याकडे सांगवीत गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे मी तुला सांगायला नको. पावसाळ्यात पवना-मुळेचं पाणी चढलं की नदीकाठच्या गल्ल्यांचं तर विचारूच नकोस. टॅलीचा डेटा रॅम डिस्कवर चुकूनही ठेवायचा नाही. तुला माझी शपथ.

मशीन मंद झालं की टास्क मॅनेजर उघड. डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दुखणं तिथंच आहे. मिनिटाला 7200 फेरे मारणारी डिस्क असली तरी सुई इकडून तिकडे न्यायला वेळ लागतोच. विखुरलेल्या बारीक फाइली वाचायच्या, तर ती सेकंदाला शंभर ठिकाणीसुद्धा पोचत नाही. साधी साटा एसएसडी, जिच्यात फिरणारं काही नसतं, ती हजारो ठिकाणी पोचते. बोर्ड जुना असून त्याच्या साटा जोडणीचा वेग निम्मा असला, तरी हा फरक बुडत नाही.

म्हणून आधी एसएसडी घ्या, 256 जीबीची पुरे. मग रॅम 8 जीबी करा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते दिसतं. डीडीआर3 आहे का डीडीआर4, ते बघूनच तपकीर गल्लीच्या बाजारात जा, नाहीतर हेलपाटा होईल. दुकानदारानं नवं मशीनच गळ्यात मारायला बघितलं, तर लगेच हो म्हणू नकोस. पण एक बाजू त्याचीही खरी. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि 2017 च्या आधीचे इंटेल प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाहीत. जीएसटीचे पासवर्ड त्यावर असतात आणि सुरक्षेचे अपडेट आता नेहमीसारखे येत नाहीत, तेव्हा या जुन्या मशीनवर फार मोठा खर्च करू नकोस. एसएसडी पुढच्या मशीनमध्येही लावता येईल, जुनी रॅम बहुधा नाही.

जुनी हार्ड डिस्क आतच राहू दे. विंडोज आणि टॅली एसएसडीवर, रोजचा बॅकअप जुन्या डिस्कवर, आणि आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह कामाच्या शेडमध्ये ठेवू नका, घरी तुझ्या कपाटात ठेव.