आकाशांतील तराजू

पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांचें नांव काढलें कीं, मेघांचीं व वादळांचीं छायाचित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं फार उपयोगाचीं आहेत. परंतु या लेखांत आम्ही ज्या दोन उपग्रहांची ओळख करून देणार आहों, त्यांजवळ पृथ्वीचें चित्र काढणारा एकही कॅमेरा नव्हता. तरीही जमिनीच्या पोटांत दडलेलें पाणी वाढलें कीं घटलें, हें त्यांनीं सांगितलें. जें दिसत नाहीं तें त्यांनीं कसें ओळखिलें, तें आतां पाहूं.

प्रत्येक वस्तु दुसरीस आपणाकडे ओढते, आणि वस्तुमान जितकें अधिक तितकी ओढ अधिक, हा न्यूटनचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. या नियमावरून आपल्याच देशांत एकदां मोठी मौज घडली. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालली असतां, माळव्याकडील कल्याणपूर व उत्तरेकडील कलियाना या दोन ठिकाणांमधील अंतर दोन रीतींनीं काढण्यांत आलें. एकदां जमिनीवरील मोजणीनें व एकदां ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन उत्तरांत सुमारे सव्वापांच विकलांचा फरक पडला. (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे विकला.) वेध घेतांना लावलेल्या ओळंब्यास हिमालय आपणाकडे ओढीत असावा, असा तर्क निघाला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनीं त्या ओढीचें गणित करून १८५५ सालीं प्रसिद्ध केलें, तों उत्तर आलें जवळजवळ सोळा विकला! एवढा थोरला पर्वत, पण त्याची ओढ त्याच्या आकारास शोभेशी नव्हती. डोंगराखालील खडक हलका असला पाहिजे, हा विचार या कोड्यांतून पुढें आला. ओळंब्याची एक दोरी किंचित् कलते काय, आणि तिच्यावरून पृथ्वीच्या पोटांतील गोष्ट कळते काय!

आतां हाच ओळंबा आकाशांत नेऊन ठेविला आहे असें समजा. १७ मार्च २००२ रोजीं रशियांतील प्लेसेत्स्क येथून 'ग्रेस' नांवाचे जुळे उपग्रह सोडण्यांत आले. हें कार्य अमेरिका व जर्मनी या दोन देशांनीं मिळून हातीं घेतलें होतें. आरंभीं सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून ते एकामागें एक फिरत, आणि दोघांमध्यें सुमारे २२० किलोमीटर अंतर असे. मांजर उंदराच्या मागें धांवतें पण त्यास गांठीत नाहीं, म्हणून कोणीं त्यांस टॉम आणि जेरी हीं नांवें दिलीं.

दोन मुलें सायकलींवरून एकामागें एक चाललीं आहेत आणि वाटेंत खोलगट भाग लागला, अशी कल्पना करा. पुढचा मुलगा उतारास लागतांच त्याचा वेग वाढतो व मागचा दूर राहतो. मग मागचा उतरूं लागतो, तोंवर पुढच्यास चढण लागलेली असते. साहजिकच अंतर पुन्हां कमी होतें. त्या उपग्रहांचें तसेंच. एखाद्या जड प्रदेशाजवळ येतांना पुढच्यास आधीं ओढ लागते व दोघांतील अंतर वाढतें; तो प्रदेश ओलांडतांना त्याला मागें ओढ बसते व अंतर घटतें. ही वाढघट माणसाच्या केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी असूं शकते. दोघे एकमेकांकडे सूक्ष्मतरंग पाठवून ती अखंड मोजीत.

डोंगर कांहीं महिन्याभरांत हलत नाहींत. हवेचा व भरतीओहोटीचा भार गणितानें वजा केला म्हणजे एका महिन्याच्या व दुसऱ्या महिन्याच्या नोंदींत जो फरक उरतो, तो बहुतांशीं पाण्याचा व बर्फाचा. आपल्या देशाचें वजन पावसाळ्यापूर्वीं सर्वांत कमी, आणि भाद्रपदाच्या सुमारास सर्वांत अधिक भरतें.

येथवर मौज झाली. पुढची हकीकत मात्र काळजीची आहे. मॅथ्यू रोडेल व त्यांचे दोन सहकारी यांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, राजस्थान, पंजाब व हरियाणा (दिल्ली धरून) या प्रदेशांतून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळांत सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहींसें झालें. कोयनेचा शिवाजीसागर काठोकांठ भरला असतां जेवढें पाणी मावतें, त्याच्या पस्तीस पटींहून हें अधिक होय. सर्व प्रदेशावर सारखें पसरून पाहिलें तर दरवर्षीं चार सेंटिमीटर उंचीचा थर गेला. मोजणींतील चूक एक सेंटिमीटर इकडे वा तिकडे. त्या वर्षांत पाऊस सरासरीच्या जवळपास पडला होता, त्यामुळें अवर्षणाकडे बोट दाखविण्यास जागा उरली नाहीं. पाणी कूपनलिकांनीं उपसलें गेलें, आणि त्यांतील बहुतेक शेतीस गेलें. याच सुमारास, २००९ सालींच, पंजाबानें १० जूनपूर्वीं भाताची लावणी करण्यास बंदी करणारा कायदा केला. भर उन्हाळ्यांत शेतांत पाणी उभें करूं नये, हा त्याचा हेतु. मात्र लावणी लांबली कीं कापणीही लांबते व गहूं पेरण्यास अवधि थोडा उरतो. मग शेतकरी पेंढा जाळतात, आणि तो धूर छायाचित्रें घेणाऱ्या दुसऱ्या उपग्रहांस दिसतो! एका बाजूचें पारडें उचलावें तों दुसरें खालीं जातें.

समुद्राची गोष्टही सांगण्याजोगी आहे. ग्रीनलंडांतून दरवर्षीं सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ जात असल्याचें याच तराजूनें दाखविलें. सुमारे ३६० अब्ज टन पाणी मिळालें कीं सर्व समुद्रांची पातळी एक मिलिमीटर चढते. असें असतां २०१० च्या आरंभापासून २०११ च्या मध्यापर्यंत समुद्र सुमारे पांच मिलिमीटर उतरला. शोध घेतां तें पाणी ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इत्यादि भूभागांवर सांपडलें. तेथें अतिवृष्टि झाली होती. त्यांतून ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील कित्येक नद्या समुद्रास मिळतच नाहींत, म्हणून पाणी तेथेंच थांबलें. पुढें समुद्र पुन्हां चढूं लागला.

या तराजूचीं पारडीं फार मोठीं आहेत. तीनचारशें किलोमीटर लांबीरुंदीहून लहान प्रदेश त्यांत नीट तोलतां येत नाहीं. दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी भेगांतून साठतें. एक विहीर भरलेली, तर शेजारची कोरडी. तिथें दोरीला दगड बांधून विहिरींत सोडणारा मनुष्यच खरें सांगतो. उपग्रहाचा आंकडा बरोबर आहे कीं नाहीं, हेंही अशाच नोंदींशीं ताडून पाहावें लागतें.

पहिल्या जोडीचें काम २०१७ सालीं संपलें. दुसरी जोडी २२ मे २०१८ रोजीं कॅलिफोर्नियांतून सोडण्यांत आली. तिच्यावर लेसर किरणांनीं अंतर मोजण्याचें साधनही बसविलें होतें. मधल्या महिन्यांचे रकाने कोरे आहेत. त्या काळांत कोठलें पाणी कोठें गेलें, याचें इतक्या बारकाईनें वजन कोणीं केलें नाहीं, आणि आतां तें करितांही येणार नाहीं.