खेळाडू विद्यार्थी आणि त्याचे घर



जून महिना आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "फादर, पोरगा नववीत गेला. आता त्याचे मैदान बंद करावे काय?" आपल्या शहरात गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. मैदानावाचून फारसे अडत नाही. अडते ते घरात.

या प्रश्नासाठी आपण खाशाबा जाधवांचे चरित्र पाहू. १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वर गावात त्यांचा जन्म झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि कुस्तीचे पहिले धडे त्यांनीच दिले. पण म्हणून मुलाची शाळा सोडवली नाही. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. पुस्तक की आखाडा, असा वाद त्या घराने घातला नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हा मातीतला पैलवान गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवले.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळेच सांगतात. त्यापुढचे मात्र कमी सांगितले जाते. खाशाबांनी कुस्तीचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि ते पैसे प्राचार्यांना घर सोडवायला दिले. पदकापेक्षा ही कुस्ती आम्हाला मोठी वाटते. आपल्यासाठी कोणी काय गहाण टाकले, याची जाणीव त्या मुलाला होती.

ही जाणीव येते कुठून? सेमिनरीत आम्हाला अ‍ॅरिस्टॉटल शिकवत. त्याचे म्हणणे असे, की वाद्य वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागूनच न्यायी होतो. पहाटे उठणे, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे, पंचाचा निर्णय मानणे हे रोज केल्यानेच अंगी मुरते. याच अ‍ॅरिस्टॉटलने पालकांना एक इशाराही दिला आहे, तो वर्गात कोणी फारसा वाचत नाही. ऑलिंपिक विजेत्यांमध्ये लहानपणी आणि मोठेपणीही जिंकलेले जेमतेम दोन-तीन सापडतात, कारण कोवळ्या वयातल्या अती मेहनतीने मुलांची ताकद आधीच संपते, असे तो म्हणतो. तेव्हा आपले अपुरे राहिलेले स्वप्न मुलाच्या खांद्यावर टाकणाऱ्या वडिलांनी जरा थांबावे.

आधार म्हणजे पैसाच असेही नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबत. तो बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे धावपटू म्हणून घडला आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने जिंकले.

मग कॉलेजचे काय? खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीही त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. शिवाय एक दुखापत झाली की खेळ थांबू शकतो. खुद्द खाशाबांना पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ साली, पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी लागली. म्हणून दहावीच्या वर्षी मैदान बंद करू नका, तास कमी करा. मोबाईलचे तास आधी कमी करा, मग सरावाचे! आणि कोणत्या कॉलेजला जायचे, काय शिकायचे, हे मुलाला किंवा मुलीला एकदा समोर बसवून विचारा. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

राहिली रविवारच्या सामन्यांची तक्रार. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूंचाच दाखला दिला होता, तेव्हा खेळाचे आम्हाला वावडे नाही. रविवारी सामना असेल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला या. बूट घालून आलात तरी चालेल.

तुमचे धर्मगुरू