दुसरीचा वर्ग, पण शाळेचा पहिलाच दिवस



१ डिसेंबर २०२१ हा दिवस आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. राज्यातल्या ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग त्या दिवशी पुन्हा सुरू झाले. मार्च २०२० मध्ये लागलेलं कुलूप जवळजवळ वीस महिन्यांनी निघालं. मोठ्या मुलांचे वर्ग मधल्या काळात सुरू झाले, बंद झाले, परत सुरू झाले. लहानांची पाळी सगळ्यात शेवटी आली.

आता एक साधा हिशोब करून पाहा. जून २०२० मध्ये ज्या मुलाचं नाव पहिलीत घातलं, त्याचं पहिलीचं अख्खं वर्ष घरात गेलं. परीक्षा न होता ते दुसरीत गेलं. दुसरीचंही अर्ध वर्ष सरलं आणि मग ते पहिल्यांदा वर्गात येऊन बसलं. हजेरीपटावर इयत्ता दुसरी, पण शाळेचा दिवस पहिलाच!

माझी चूक इथेच झाली. फुगे लावले, तापमान मोजलं, हात धुवून घेतले, चुन्याने गोल आखून मुलांना लांब लांब बसवलं. सगळे नियम पाळले आणि दुसऱ्याच दिवशी दुसरीचं पुस्तक उघडलं. एक मुलगी कविता घडाघडा म्हणू लागली. मला फार बरं वाटलं. जवळ जाऊन पाहतो तर तिचं बोट भलत्याच ओळीवर. मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, तर गप्प. कविता तिने मोबाईलवर ऐकून पाठ केलेली होती. तिच्या स्वाध्यायाचे फोटो मी वर्षभर पाहत होतो, अक्षर कसं मोत्यासारखं! विचारलं तर म्हणाली, "ताई लिव्हायची. मी वही धरायची फोटोला."

ती खोटं वागली नव्हती. तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी फोटोला 'छान' असा शेरा देत होतो. २०२१ च्या जुलैत ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला. पण ज्या घरात फोन एकच आणि तोही बापाबरोबर शेतात, तिथे त्या सेतूचं एक टोक हवेतच राहिलं.

त्या दिवसापासून आम्ही जे केलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

१) आधी पाहणी, मग पाठ : प्रत्येक मुलाला पाच मिनिटं एकट्याला जवळ बोलवा. आधी अक्षरं, मग दोन-तीन अक्षरी शब्द, मग साधं वाक्य, मग छोटा उतारा. जिथे मूल अडेल तिथे थांबा. ही परीक्षा नाही, गुण देऊ नका. ही नोंद तुमच्या नियोजनासाठी आहे.

२) गट इयत्तेचे नकोत, पातळीचे करा : रोज एक तास दुसरी, तिसरी, चौथीची मुलं पातळीप्रमाणे एकत्र बसवा. चौथीतल्या मुलाला दुसरीच्या मुलांत बसायची लाज वाटते, म्हणून गटांना झाडांची नावं द्या आणि दर पंधरा दिवसांनी गट बदला. मूल पुढच्या गटात गेलं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

३) मास्क आणि ओठ : हे मला आधी सुचलंच नव्हतं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं आपण ओठ मिटून उच्चारतो. लहान मूल ऐकता ऐकता आपल्या तोंडाकडे पाहत असतं. मी मास्कमधून 'पार' म्हणालो, काहींनी 'तार' लिहिलं. 'मळ' सांगितलं, 'नळ' लिहिलं. मग श्रुतलेखन मैदानावर नेलं. आठ-दहा फुटांवर उभं राहून शब्द म्हणण्यापुरता मास्क खाली घ्यायचो. चुका लगेच कमी झाल्या.

४) मुलांना बोलू द्या : कुणाचे आजोबा गेले, कुणाच्या बापाचं शहरातलं काम सुटलं. पहिला आठवडा परिपाठानंतर अर्धा तास नुसतं बोलणं ठेवा. मुलांनी सांगितलेलं एकेक वाक्य फळ्यावर लिहा. तोच वाचनाचा पाठ होतो. स्वतःचं वाक्य मूल विसरत नाही.

५) जे आलं नाही त्याचं काय? : हजेरीची सक्ती नव्हती, पालकांचं संमतीपत्र लागत होतं. त्यामुळे न आलेलं मूल सहज नजरेआड होतं. काही घरं दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेली होती. शाळा उघडली हे त्यांना माहीतच नव्हतं. फोन करा, मूल कुठे आहे ते विचारा, तिथल्या जवळच्या शाळेत बसवता येईल का ते पाहा. आमच्या दोन मुलांचा अजून पत्ता लागलेला नाही. हे लिहिताना जीव तुटतो, पण लपवून काय उपयोग?

मग जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या. या वेळी मात्र सगळ्यांना एकच स्वाध्याय पाठवला नाही. ज्याच्या त्याच्या पातळीची शब्दपट्टी हाताने लिहून घरोघर दिली. फोटो मागवले नाहीत. ओट्यावर उभं राहून प्रत्येकाकडून चार ओळी वाचून घेतल्या. २४ जानेवारीपासून शाळा सुरू करायला परवानगी मिळाली. पुन्हा वर्ग भरला तेव्हा कोण कुठे आहे, हे मला आधीच ठाऊक होतं.

ती मुलगी आता साधी वाक्यं वाचते. जोडाक्षर आलं की थांबते, माझ्याकडे बघते आणि परत प्रयत्न करते. कविता तिला अजून पाठच आहे, पण आता बोट बरोबर ओळीवर असतं.

पालकहो, एक विनंती. "आमचा दुसरीत आहे, त्याला अजून अक्षरंच कशी शिकवता?" असं विचारू नका. इयत्ता आपोआप पुढे सरकली, मूल सरकलेलं नाही. त्याला थोडा वेळ द्या. घरी रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा, त्याला वाचू द्या. स्वाध्याय मात्र त्याचा त्यालाच लिहू द्या. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, ते त्याचं असेल.