एक भाकर, एक शरीर
प्रभुभोजनाचा अर्थ व आचरण

शास्त्रवाचन : १ करिंथ १०:१६-१७, ११:१७-३४



आपल्या पुष्कळ मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी वेदीपुढील मेजावर शुभ्र वस्त्र अंथरलेले असते. त्याखाली भाकर व प्याला झाकून ठेवलेला असतो. लहानपणापासून हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असे आपण गृहीत धरतो. पाळकांनी बोलावले की पुढे जायचे, गुडघे टेकायचे, घ्यायचे आणि जागेवर येऊन बसायचे. कोणी अश्रू ढाळतो, कोणी घड्याळाकडे पाहतो, तर कोणी भीतीपोटी वर्षानुवर्षे मेजाजवळ येतच नाही.

हे मेज केवळ माझे व माझ्या प्रभूचे खाजगी भेटीचे ठिकाण आहे, की माझ्या शेजारी गुडघे टेकलेल्या बंधूशीही त्याचा काही संबंध आहे? या अभ्यासात आपण मुख्यतः या एका प्रश्नाचा विचार करणार आहोत, कारण पौलाने करिंथच्या मंडळीला दिलेला इशारा नेमका याच ठिकाणी आहे.

१. मेजाची स्थापना

प्रभूने हे भोजन वल्हांडणाच्या दिवसांत नेमून दिले. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आपण वाचतो की, मिसर देशातील दास्यातून निघताना इस्राएल लोकांनी कोकरू कापले, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि बेखमीर भाकर घाईघाईने खाल्ली. हे भोजन एकट्याने करावयाचे नव्हते. एखाद्या घरी माणसे कमी असतील आणि कोकरू जास्त होत असेल, तर शेजारच्या घराला सोबत घ्यावे अशी स्पष्ट आज्ञा होती. मुक्तीच्या भोजनाला आरंभापासूनच शेजारी बोलावलेला होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

धरून दिला जाण्याच्या रात्री येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, ती मोडली आणि शिष्यांना दिली. आपले शरीर व आपल्या रक्तातील नवा करार यांच्याशी त्याने त्या भाकरीचे व प्याल्याचे नाते जोडले. म्हणून हे भोजन मागे पाहते, कारण ते वधस्तंभाचे स्मरण आहे. ते पुढे पाहते, कारण प्रभू येईपर्यंत आपण त्याच्या मरणाची घोषणा करतो. ते वर पाहते, कारण जिवंत प्रभूशी आपली सहभागिता होते. आणि ते सभोवार पाहते, कारण भाकर एक असल्यामुळे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत (१ करिंथ १०:१७). पहिल्या तिन्ही गोष्टी आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. चौथीचा उच्चार क्वचित होतो.

भाकरीत व प्याल्यात प्रभू कोणत्या प्रकारे उपस्थित असतो याविषयी मंडळ्यांत मतभेद आहेत. कॅथलिक श्रद्धेनुसार भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्वच पालटते. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर व झ्विंग्ली समोरासमोर बसले. इतर बहुतेक मुद्द्यांवर त्यांचे मत जुळले, पण याच प्रश्नावर ते वेगळे झाले. ज्या भोजनाने जोडावयाचे त्याच्याच अर्थावरून तुटावे, ही ख्रिस्ती इतिहासातील दुःखद गोष्ट आहे. परंतु पौलाने करिंथकरांना रागे भरले ते अशा मतभेदाबद्दल नव्हे.

२. करिंथची चूक

करिंथ येथे मंडळी कोणाच्या तरी घरी जमत असे. त्या काळी प्रभुभोजन हे खऱ्या जेवणाचा भाग होते. ज्यांच्याजवळ सवड व संपत्ती होती ते लवकर येत, आपापले जेवण काढून बसत आणि पोटभर खाऊन पिऊन घेत. मंडळीत दास व कष्टकरीही होते. धन्याचे काम आटोपल्यावाचून त्यांना निघता येत नसे. ते येत तेव्हा अन्न संपलेले असे. एक भुकेला राहतो व दुसरा मस्त होतो, हे पौलाचे दुःख होते. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा त्याचा रोखठोक सवाल आहे.

या प्रसंगाच्या संदर्भात पौल म्हणतो की जो शरीराचा भेद न ओळखता खातो पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. येथे ‘शरीर’ म्हणजे वधस्तंभावर अर्पिलेले प्रभूचे शरीर, हे खरेच. परंतु एकच अध्याय आधी त्याच पौलाने मंडळीला ‘एक शरीर’ म्हटले आहे आणि पुढच्या बाराव्या अध्यायात हात, पाय, डोळा यांचे उदाहरण देऊन तोच विषय वाढवला आहे. म्हणून भुकेल्या बंधूला न ओळखणे हेही प्रभूचे शरीर न ओळखणेच होय. या सर्व विवेचनाचा शेवट तो एका साध्या सूचनेने करतो : भोजनासाठी जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा (११:३३). एवढ्या गंभीर इशाऱ्याच्या शेवटी इतकी घरगुती आज्ञा यावी, यातच पुष्कळ अर्थ आहे.

३. ‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे काय?

पुष्कळ विश्वासी, विशेषतः आपल्या वडीलधाऱ्या माता-भगिनी, ‘मी योग्य नाही’ असे म्हणून मेजापासून दूर राहतात. त्यांचा आदरभाव मोलाचा आहे, पण त्यामागे एक गैरसमज आहे. पौल ‘अयोग्य माणसाने’ घेण्याविषयी बोलत नाही, ‘अयोग्य प्रकारे’ घेण्याविषयी बोलतो. माणूस म्हणून तर कोणीच योग्य नाही. पहिल्या मेजाशी काही तासांतच प्रभूला नाकारणारा पेत्र बसला होता.

पौलाची आज्ञा लक्षपूर्वक वाचा. माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे तो सांगतो. परीक्षा करून दूर राहावे असे तो म्हणत नाही. पापाची जाणीव झालेल्या माणसाने मेज टाळणे म्हणजे आजाऱ्याने वैद्याचे दार टाळण्यासारखे आहे. मात्र या परीक्षेचा विषय कोणता? मनातील खाजगी पापे आठवावीत हे योग्यच. पण मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर बंधूच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट करावा. ही आत्मपरीक्षा माणसाला मेजापासून घरी पाठवत नाही. ती त्याला बंधूच्या दाराशी पाठवते आणि तेथून पुन्हा मेजाकडे आणते.

४. महाराष्ट्रात या मेजाचे मोल

आपल्या देशात ‘कोणाबरोबर जेवावे’ हा प्रश्न कधीच लहान नव्हता. रोटीव्यवहार व बेटीव्यवहार हे जातीचे दोन मुख्य कुंपणखांब होते. म्हणून मराठी भूमीत एका भाकरीचा व एका प्याल्याचा अर्थ आपल्या पूर्वजांना जितका कळला तितका क्वचितच कोणाला कळला असेल.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू इच्छिणाऱ्या या सुशिक्षितांच्या सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. हे सर्व गुप्तपणे चाले आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याच्या भयाने सभा मोडली. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. एका पेला चहाला त्या समाजात केवढी किंमत होती, हे यावरून दिसते.

अशा काळात आपल्या मंडळ्यांत काय घडत होते? अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली. तिच्यात समाजाने अस्पृश्य मानलेले विश्वासी होते आणि १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण कुळातील हरिपंत खिस्तीही होते. परमहंस सभेने जे बंद दाराआड केले ते या लोकांनी उघड्या मंदिरात, रविवारच्या दिवशी, साऱ्या गावाच्या देखत केले. त्यासाठी कोणी वतन गमावले, कोणी घर गमावले.

हा बदल एका दिवसात होत नसे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे परतल्या तेव्हाही त्या सोवळे-ओवळे पाळीत होत्या. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ निखळ प्रामाणिकपणे रंगवला आहे. जातिभेद देवाने केलेला नाही ही खात्री त्यांच्या मनाला प्रथम पटली आणि नंतर, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मेजाजवळ येण्यापूर्वीच त्यांच्या अंतःकरणात पंगत बदलली होती. ‘शरीर ओळखणे’ याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

५. आजची कसोटी

आता आपण मराठी मुलखाबाहेर, पण आपल्याच माणसांच्या एका वस्तीकडे पाहू. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. मराठी कुटुंबेही आली. आज तेथील सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी कोणी चहा मागवला तर त्याची जात किंवा प्रांत कोणी विचारत नाही. १८९० मध्ये ज्या चहाने पुणे हादरले, तो येथे कोणाच्या लक्षातही येत नाही. याबद्दल आपण देवाचे आभार मानावेत.

पण मग एक गंभीर प्रश्न उभा राहतो. जे आपल्या पूर्वजांना सर्वस्व देऊन करावे लागले ते आज बाजारातही विनामूल्य घडत असेल, तर प्रभूच्या मेजाची कसोटी संपली काय? नाही, ती पुढे सरकली आहे. आपण एका प्याल्यातून घेतो; पण मुलामुलींचे विवाह ठरवताना ‘आपल्यातले’ कोण हे अजूनही जुन्या जातीवरून ठरत असेल, तर एक कुंपणखांब पाडून दुसरा आपण जपून ठेवला आहे. पंचकमिटीच्या निवडणुकीत गट पडतात, मालमत्तेच्या वादात बंधू बंधूविरुद्ध न्यायालयात उभा राहतो आणि पहिल्या रविवारी दोघेही त्याच कठड्याशी गुडघे टेकतात. करिंथची चूक ती हीच.

भिलाईसारख्या नगरात पौलाची ‘वाट पाहा’ ही आज्ञा शब्दशः लागू पडते. झोतभट्टी रविवारी थांबत नाही. माणसे पाळीपाळीने कामावर जातात. रात्रपाळी करून आलेला बंधू उपासनेला उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. करिंथचा दास आणि हा कामगार यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. त्याच्यासाठी भाकर राखून ठेवली आहे काय, त्याच्या अनुपस्थितीची कोणी दखल घेतली काय, हे मंडळीने स्वतःला विचारावे. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर याने रोममधील उपासनेचे वर्णन लिहिले आहे. त्यात तो सांगतो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भोजनाचा भाग पोहोचवीत आणि त्याच वेळी जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी वापरले जाई.

पंथभेदाचाही विचार करावयास हवा. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनची मंडळी व अँग्लिकन मंडळी एकाच गावात असूनही त्यांची मेजे पिढ्यान्‌पिढ्या वेगळी होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यातील ही भिंत पडली. सर्व मंडळ्यांचे मेज अद्याप एक झालेले नाही. त्याचे दुःख मनात बाळगून प्रार्थना करीत राहणे हाही प्रभुभोजनाचाच एक भाग आहे.

६. आचरणाविषयी काही सूचना

(अ) आदल्या आठवड्यात तयारी करा. घरात हा शास्त्रभाग वाचा. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे रविवारच्या आधी जा.

(आ) द्राक्षारस की द्राक्षांचा रस, एक प्याला की लहान पेले, यावरून भांडू नका. द्राक्षांचा न आंबलेला रस टिकवून वापरण्याची प्रथा १८६९ नंतर, अमेरिकेतील थॉमस वेल्च यांच्या प्रयोगापासून सुरू झाली. पेले कितीही असोत, अंतःकरणे वेगळी असू नयेत.

(इ) आजारी व वृद्ध यांच्या घरी पाळकांसमवेत मंडळीतील दोघे-तिघे जा, म्हणजे तेथेही ‘शरीर’ उपस्थित राहील. २०२० च्या टाळेबंदीत, ९ एप्रिलच्या पवित्र गुरुवारी, मंदिरे बंद होती. काही मंडळ्यांनी घरोघरी पडद्यासमोर भाकर मोडली, तर काहींनी पुन्हा एकत्र जमेपर्यंत वाट पाहिली. दोन्ही निर्णय श्रद्धेने घेतलेले होते. पण आता दारे उघडी असताना सोयीसाठी घरी बसणे, हे मात्र वाट पाहणाऱ्या बंधूला विसरणे होय.

(ई) मेजावरून उठल्यावर कोणाला तरी आपल्या घरी जेवायला बोलवा. ज्याला आजवर कधीच बोलावले नाही, त्यालाच बोलवा.

चिंतनासाठी प्रश्न

१. निर्गम १२:४ मधील शेजाऱ्याविषयीची आज्ञा प्रभुभोजनाला कशी लागू पडते?
२. ‘अयोग्य प्रकारे’ घेणे व ‘अयोग्य’ असणे यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
३. आपल्या मंडळीत कोणाची वाट पाहिली जात नाही?
४. आपल्या घरातील विवाहाच्या बोलण्यांवर प्रभूच्या मेजाची छाप आहे काय?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आपले शरीर आमच्यासाठी मोडू दिलेस. तुझी भाकर हाती घेताना आमच्या शेजाऱ्याला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. ज्यांना आम्ही दूर ठेवले त्यांच्या दाराशी जाण्याचे धैर्य दे. तू येईपर्यंत आम्हांला एकमेकांची वाट पाहण्यास शिकव. आमेन.