जागता पहारा

रायगडच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. दूध घालण्यासाठी ती गडावर गेली होती. परतण्यास उशीर झाला आणि सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले. ते पहाटेपूर्वी कोणासाठीही उघडत नसत. घरी तान्हे बाळ एकटे होते. त्याच्या ओढीने ती माता काळोखात अवघड कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिच्या धैर्याचा गौरव केला. परंतु त्याच वेळी आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्या कड्यावरून एक आई उतरू शकते, त्या कड्यावरून शत्रूही चढू शकेल! म्हणून त्या जागी बुरूज बांधण्यात आला, असे ही कथा सांगते.

काळ बदलला. आता तोफा आणि तलवारी यांची जागा यंत्रांनी घेतली आहे. तथापि गडाच्या रक्षणाचा हा धडा जुना झालेला नाही. आजच्या काळातील काही गड तर असे आहेत की, त्यांच्या तटात एकही उणीव राहून चालत नाही. अणुवीजकेंद्र हा असाच एक गड होय.

भारतातील पहिले अणुवीजकेंद्र तारापूर येथे, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर, १९६९ साली सुरू झाले. अशा केंद्रातील अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विभाजन होते व त्यातून प्रचंड उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. अणुवीजकेंद्राचा अणुबाँबसारखा स्फोट होईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. पण ती खरी नाही. बाँबसाठी लागते तसे इंधन अशा केंद्रात वापरलेले नसते. खरा धोका निराळाच आहे. अणूंचे विभाजन काही सेकंदांत थांबवता येते. परंतु त्यानंतरही इंधनातून उष्णता निघतच राहते. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहावेत, तसाच हा प्रकार होय. हे निखारे सतत पाण्याने थंड ठेवावे लागतात. पाणी थांबले, तर इंधन वितळते आणि आतील किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडण्याचे संकट ओढवते.

हे संकट जपानमधील फुकुशिमा येथे मार्च २०११ मध्ये जगाने पाहिले. भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी तेथील वीजपुरवठ्याची यंत्रे बुडवली. पंप बंद पडले आणि तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. हजारो कुटुंबांना घरदार सोडून जावे लागले. तेथे कोणी शत्रू चालून आला नव्हता. तरीही पहारेकऱ्यांना त्यातून एक गोष्ट शिकता आली. केवळ अणुभट्टी राखून भागत नाही. विजेच्या तारा, पंप, पाण्याचे नळ आणि नियंत्रणकक्ष, या साऱ्यांचे रक्षण करावे लागते.

म्हणूनच अणुवीजकेंद्राला एकामागून एक असे अनेक तट असतात. पहिल्या कुंपणापाशी येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी होते. त्याच्या आत आणखी मजबूत कुंपण असते. त्यावर रात्रंदिवस कॅमेऱ्यांची नजर असते आणि कोणी त्याला स्पर्श केला, तर इशारा देणारी यंत्रेही असतात. त्याच्याही आत मर्मस्थानाच्या खोल्या असतात. तेथे नेमून दिलेल्या मोजक्या माणसांनाच प्रवेश मिळतो. सर्वांत आत, जाड काँक्रीटच्या भिंतींआड अणुभट्टी असते. भारतातील अणुवीजकेंद्रांच्या पहाऱ्याचे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. योगायोग असा की, या दलाची स्थापनाही १९६९ सालीच झाली.

इतके तट असताना भय कसले, असे कोणालाही वाटेल. पण अमेरिकेतील एका घटनेने या प्रश्नाचे उत्तर दिले. पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतील एका बेटावर थ्री माइल आयलंड नावाचे अणुवीजकेंद्र होते. ७ फेब्रुवारी १९९३ हा रविवारचा दिवस. सकाळचे सात वाजण्यास काही मिनिटे होती. केंद्र पूर्ण शक्तीने चालू होते. एवढ्यात एक मोटार भरधाव आली. पहारेकऱ्याला न जुमानता ती आत शिरली, आतल्या कुंपणाचे फाटक तिने मोडले आणि टर्बाइनच्या इमारतीचे शटर फोडून ती सुमारे वीस मीटर आत जाऊन थांबली. चालक कोठे दिसेना. मोटारीत स्फोटके असतील काय? तो अणुभट्टीकडे गेला असेल काय? केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. सुमारे चार तासांच्या शोधानंतर तो टर्बाइनखालच्या अंधाऱ्या भागात लपलेला सापडला. त्याच्यापाशी शस्त्र नव्हते, मोटारीत स्फोटके नव्हती. तो मनाच्या आजाराने त्रस्त झालेला माणूस होता. कोणालाही इजा झाली नाही. अणुभट्टीही सुखरूप राहिली.

परंतु जाणत्या लोकांनी ही घटना हसण्यावारी नेली नाही. एक दुखणाईत माणूस जेथवर पोचला, तेथवर स्फोटकांनी भरलेली गाडी घेऊन एखादा दुष्टही पोचला असता. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, अमेरिकेने नियम बदलला आणि गाडी अडवणारे भक्कम अडसर अणुवीजकेंद्रांभोवती उभारणे भाग पडले. हिरकणी जेथून उतरली, तेथे बुरूज उभा राहिला!

तट कितीही उंच असला, तरी तो बाहेरच्यालाच अडवतो. आतला माणूसच फितूर झाला तर? बेल्जियममधील डूल येथील अणुवीजकेंद्रात ऑगस्ट २०१४ मध्ये नेमके तसेच घडले. कोणीतरी एक झडप मुद्दाम उघडली आणि टर्बाइनचे सुमारे ६५ हजार लिटर वंगणतेल वाहून गेले. तेलावाचून फिरणारे ते अवाढव्य यंत्र तापले व बिघडले. अणुभट्टीला अपाय झाला नाही. पण ती कित्येक महिने बंद ठेवावी लागली. दीर्घ तपास होऊनही अपराधी सापडला नाही.

फितुरीचे हे भय मराठ्यांच्या गडांनाही होते. म्हणूनच शिवाजी महाराजांनी गडाचा कारभार एकट्याच्या हाती कधी ठेवला नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी प्रत्येक गडावर असत. एकाची मती फिरली, तरी गड हातचा जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. आजही मर्मस्थानी जाताना एकट्याने जाऊ नये, दोघांनी मिळून जावे, असा नियम अनेक अणुकेंद्रांत पाळतात. यात कोणाचा अपमान नसतो. प्रामाणिक माणसावर उगाच संशय येऊ नये, म्हणूनही हा नियम उपयोगी पडतो.

अलीकडे गडावर चढण्याची एक अदृश्य चोरवाटही निघाली आहे. ती संगणकातून जाते. २०१९ साली तामिळनाडूतील कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या एका संगणकात परक्याने धाडलेला घातक प्रोग्रॅम आढळला. तो संगणक कार्यालयीन कामाचा होता व इंटरनेटला जोडलेला होता. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा त्यापासून अगदी अलग ठेवलेली असल्याने तिला धोका पोचला नाही, असे भारतीय अणुऊर्जा महामंडळाने सांगितले. येथेही आतला वेगळा तटच कामी आला. मात्र त्या तटाचा पहारेकरी हातात बंदूक घेऊन उभा नसतो. अनोळखी पत्र न उघडणारा साधा कारकूनही तेथे पहारेकरीच असतो.

सैनिकाच्या पराक्रमाचे पोवाडे गायले जातात. पहारेकऱ्याचे गात नाहीत. रात्रीमागून रात्री जातात, समुद्राची गाज ऐकू येत राहते, कुंपणाजवळ कोणी फिरकत नाही. पहाटे तो आपल्या वहीत ‘सर्व ठीक’ एवढेच लिहितो आणि घरी जातो. काहीही न घडणे, हेच त्याच्या कामाचे यश होय. ‘आजवर काही झाले नाही, आज तरी काय होणार?’ हा विचार मनात शिरला की, सर्वांत उंच तटालाही खिंडार पडते. दूरच्या गावात एखादा मुलगा विजेच्या प्रकाशात निश्चिंतपणे अभ्यास करीत असतो. त्याला ठाऊकही नसते की, आपल्या दिव्यासाठी कोठेतरी कोणीतरी जागे आहे.

स्वाध्याय

१. अणुभट्टी बंद केल्यावरही इंधन थंड का ठेवावे लागते?
२. हिरकणीची कथा आणि थ्री माइल आयलंड येथील घटना यांत कोणते साम्य आहे?
३. ‘काहीही न घडणे, हेच त्याच्या कामाचे यश होय.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : फितूर, मर्मस्थान, खिंडार, अडसर.