गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी : आधी निदान, मग पाना

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. गिरगावातून दादर टीटीपर्यंत विनातक्रार धावते. दुपारी परतताना परळ-लालबागच्या गर्दीत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते आणि सिग्नलला बंद पडते. चालक सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतो. पंचवीस मिनिटांनी तीच गाडी काहीच न घडल्यासारखी सुरू होते. गॅरेजात येते तेव्हा ती थंड आणि ठणठणीत असते.

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात यापेक्षा अवघड तक्रार नाही. दोष समोर दिसत नाही, म्हणून मेस्त्री अंदाजाने कॉईल बदलतो, मग कार्बोरेटर खोलतो, मग पंप बदलतो. गिऱ्हाईक तीनदा पैसे देते आणि चौथ्या वेळी दुसऱ्या गॅरेजात जाते. म्हणून या दोषाचे निदान कोणत्या क्रमाने करावे, ते येथे पाहू.

पद्मिनीने शिकवलेला धडा

मुंबईच्या कारागिरांना हा दोष प्रथम शिकवला तो काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली ही गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. काही हौशी मालकांकडे मात्र ती अजून आहे. १०८९ सीसीचे हे साधे इंजिन ज्याला समजले, त्याला पुढच्या गाड्या समजणे सोपे जाते.

या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असे. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. शिवाय पंप पेट्रोल खेचतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, त्यामुळे ते आणखी लवकर उकळते. नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढत राहतो आणि कार्बोरेटर रिकामा होतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. गाडी धावत असताना वारा लागतो. गर्दीत तो लागत नाही. इंजिन बंद केल्यावर तर पंखा आणि पाण्याचे फिरणेही थांबते, म्हणून बॉनेटखालची उष्णता काही मिनिटे उलट वाढते. चहाला थांबून परत आल्यावर गाडी सुरू होत नाही, त्याचे कारण हेच.

टॅक्सीवाले पंपावर ओले फडके का ठेवत, हे आता लक्षात येईल. मात्र ओले फडके ही दुरुस्ती नव्हे, ती परीक्षा आहे. फडके ठेवल्यावर दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली, तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे असा दाट संशय घ्यावा. बादलीने पाणी ओतू नये. तापलेला मॅनिफोल्ड तडकू शकतो आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेले तर नवाच दोष उभा राहतो.

तपासणीचा क्रम

पहिला नियम असा की गाडी बंद पडलेली आणि गरम असतानाच तपासावी. थंड गाडी तपासून काही सापडत नाही. गॅरेजात आलेली गाडी बॉनेट बंद ठेवून न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी आणि दोष यायची वाट पाहावी. या वेळी शेड उघडी हवी, बंद जागेत धूर कोंडू देऊ नये.

१) टाकीचे झाकण उघडा. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल येणे थांबते. झाकण काढताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी सुरू झाली, तर काम फुकटात झाले.

२) करंट पाहा. सुटा प्लग वायरला लावून इंजिनच्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि सेल्फ मारायला सांगा. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. निळसर, कडकडणारी ठिणगी आली तर करंट ठीक आहे. पिवळट, मरतुकडी ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर कॉईल, कंडेन्सर आणि पॉइंट संशयित आहेत.

३) पेट्रोल पाहा. एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर ओढा. कार्बोरेटरच्या तोंडात पिचकारी उडाली तर पेट्रोल पोहोचत आहे. उडाली नाही तर फ्लोट चेंबर रिकामे आहे. उलट आत सगळे ओले असेल आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर इंजिन पेट्रोल पिऊन बसले आहे. तेव्हा पेडल पूर्ण दाबून धरावे, पंप न करता सेल्फ मारावा आणि चोक अडकला आहे का ते पाहावे.

४) करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर टॅपेट पाहा. ते घट्ट असतील तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन जाते. अशी गाडी रेस दिल्यावर चालते, पण आयडलिंगला मरते.

कॉईल मोजताना घ्यायची काळजी

बॅलास्ट रेझिस्टर नसलेल्या १२ व्होल्टच्या जुन्या कॉईलचे प्रायमरी माप साधारण ३ ओम असते. तांब्याचा रोध दर १० अंशांना सुमारे ४ टक्के वाढतो. म्हणजे ३० अंशांना ३ ओम दाखवणारी कॉईल ९० अंशांना ३.७ ओमच्या आसपास दाखवेल. एवढी वाढ हा दोष नव्हे. गरम असताना मीटर काहीच दाखवत नसेल आणि थंड झाल्यावर पुन्हा माप येत असेल, तर आतली तार तुटली आहे. कंडेन्सर मात्र साध्या मीटरवर फसवतो. तो खात्रीचा दुसरा लावूनच पारखावा.

व्हेपर लॉक ठरला तर नळी सायलेन्सरपासून दूर घ्यावी, फिल्टर बदलावा, पंपाचा पडदा तपासावा. पंप आणि इंजिन यांच्यामधले उष्णतारोधक पॅकिंग मूळ जाडीचेच असावे. जाडी बदलली की पंपाचा स्ट्रोक बदलतो. इंजिनच गरजेपेक्षा जास्त तापत असेल, तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि फॅनबेल्ट पाहावेत. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या फुगल्या आहेत का, हेही बघावे.

इंजेक्शन आणि सीएनजीच्या गाड्या

आजच्या टॅक्सींत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली येते, म्हणून व्हेपर लॉक क्वचितच होतो. दोषाची जात मात्र तीच राहते. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते का ते पाहा. येत नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि पंप तपासा. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल, तर क्रँक सेन्सर व त्याची वायर पाहा. हा सेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो. स्कॅनरचा कोड हा निकाल नव्हे, तो फक्त दिशा दाखवतो.

सीएनजीच्या गाडीत एक सोय आहे. गाडी गॅसवर बंद पडते, पण पेट्रोलवर चालते का? तसे असेल तर रेग्युलेटर, गॅस फिल्टर आणि सोलेनॉइड पाहा. त्याच वेळी प्लगही पाहा, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते आणि कमजोर प्लग किंवा कॉईल गॅसवर आधी उघडी पडते. दोन्ही इंधनांवर बंद पडत असेल, तर दोष बहुधा करंटकडे किंवा सेन्सरकडे असतो. सिलिंडर आणि उच्च दाबाच्या पाइपला मात्र अधिकृत कारागिरानेच हात लावावा.

धंद्याचा हिशेब

टॅक्सीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. त्याला महागडा पार्ट नको असतो, खात्री हवी असते. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे सांगावेत, ते मागायला संकोच करू नये. गाडी कधी बंद पडते, किती वेळाने सुरू होते, टाकी किती भरलेली असते, हे वहीत लिहून घ्यावे. पार्ट बदलला तर जुना गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. दोष सापडला नाही तर तसे स्पष्ट सांगावे. कॉईल, कंडेन्सर, प्लग आणि रिले यांचा खात्रीचा एकेक नग परीक्षेसाठी गॅरेजात ठेवावा. ऑपेरा हाऊसच्या बाजारात त्यावर एकदा केलेला खर्च लवकर वसूल होतो. गॅरेजात शिकणाऱ्या पोराच्या हाती पाना देण्याआधी त्याला हा क्रम पाठ करायला लावावा. पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत, पण दोष नेमका सांगणाऱ्याकडेच गिऱ्हाईक परत येते.