खाडीकाठची मुले आणि किनाऱ्याचे शास्त्र

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी चार-दोन पालक मुलांना घेऊन संध्याकाळी आमच्या घरी येतात. आम्ही बँकेत कारकून आहोत, तेव्हा शैक्षणिक कर्जाची माहिती आमच्याकडे असणार, हा त्यांचा समज. पुढे काय करणार असे मुलांना विचारले की उत्तरे ठरलेली असतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.कॉम., नाहीतर "बघू काहीतरी". यंदा मात्र विज्ञान शाखेच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "काका, खाडीचा अभ्यास कुठे शिकवतात?" तिचे वडील जरा ओशाळून हसले. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. आम्हालाही उत्तर देता आले नाही. त्यानंतर महिनाभर विचारपूस करून जी माहिती मिळाली, ती या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय ऐकायला परका वाटतो, पण आपण सारे राहतो ते खाडीच्या काठावरच. उल्हास नदी कल्याण, डोंबिवलीच्या बाजूने वाहत जाऊन वसईला समुद्राला मिळते आणि ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ठाणे खाडीशी जोडली जाते. भरतीचा परिणाम कल्याणपर्यंत जाणवतो. म्हणून तर कल्याण हे प्राचीन काळी बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे. सोपाऱ्याला, जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आदेशलेखाचा तुकडा सापडला, तेही बंदरच होते. लेण्यांना दान देणाऱ्या त्या व्यापाऱ्यांची गलबते ज्या पाण्यातून येत, ते पाणी पुढे गाळाने उथळ होत गेले. लेणी पाहायला आपण सहली काढतो, पण बंदर का बुजले हे कोणी विचारीत नाही. असो.

आमच्या पिढीला या विषयाची ओळख पुस्तकातून झाली नाही. ती झाली २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इकडे उल्हास व वालधुनी या नद्या पात्र सोडून वस्त्यांत शिरल्या. खालून भरती आणि वरून पूर असला की पाण्याला जायला जागा राहत नाही, ते मागे फिरते. आमच्या ओळखीच्या वस्तीत गळ्याइतके पाणी होते. पुढे कधीतरी नुकसान आणि पुनर्वसन यांची चर्चा झाली तेव्हा एका कार्यालयात टेबलावर नकाशा पसरला गेला. त्यावर निळ्या-लाल रेषा होत्या. साहेब म्हणाले, तुमची घरे रेषेच्या आत येतात. आम्ही आठ-दहा जण माना हलवून परत आलो. रेषा कसली, कोणी काढली, कशावरून काढली, हे विचारण्याइतके ज्ञान आमच्यापैकी एकाकडेही नव्हते. अर्ज, निवेदने, मोर्चा, सगळे येत होते. नकाशा वाचता येत नव्हता.

ती रेषा कशी ठरते ते आता थोडेफार समजले आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्या कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने सागरी किनारा नियमनाची अधिसूचना काढली, तिलाच आपण सीआरझेड म्हणतो. २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत हे नियमन चालते. खाडीकाठी २०११ च्या नियमात १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते धरीत. २०१९ मध्ये त्या १०० चे ५० झाले. आता प्रश्न असा की खाडी संपून नदी कुठे सुरू होते? याचे उत्तर कायद्याने मिठावर सोपवले आहे. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याच्या हजार भागांत मिठाचे पाच भाग जिथपर्यंत आढळतात, तिथपर्यंत भरतीचा प्रभाव मानला जातो. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण सुमारे पस्तीस असते. विद्यार्थी मित्रांनो, पाण्यातील क्षार सिल्व्हर नायट्रेटने मोजण्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला आहे. त्या आकड्यावर कोणाचे घर नियमात आणि कोणाचे बाहेर, हे ठरू शकते. किनारपट्टी व्यवस्थापन म्हणतात ते हेच; अर्धे शास्त्र आणि अर्धा कायदा.

तिवरांचेही तसेच. चिखलातून वर आलेल्या मुळ्यांनी श्वास घेणारे हे झाड गाळ धरून ठेवते, लाटेचा जोर मोडते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील तिवरतोडीला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. शासनाने २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी झाडे, पक्षी, चिखलातले किडे मोजले होते. ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय खाडीच्या अगदी काठावर आहे आणि तेथील प्राणिशास्त्र विभागाने ठाणे खाडीचा अभ्यास वर्षानुवर्षे केला आहे. लोकलने अर्ध्या तासावर ही सोय असताना आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. बारावी विज्ञाननंतर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन किंवा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी आणि पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी, ही सरळ वाट. मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयात मिळते. त्यानंतर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, जी १९६१ पासून चालू आहे. सागरी विज्ञानासाठी गोवा विद्यापीठ. कला शाखेच्या मुलांनीही निराश होऊ नये. भूगोल घेऊन उपग्रहचित्रे आणि संगणकावरील नकाशे शिकता येतात, कायद्याची तीन वर्षांची पदवी घेता येते, आणि देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामानबदल व धोरण यांचा अभ्यास होतो. नोकऱ्या मुबलक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. जागा थोड्या, कंत्राटी कामे फार. पण सल्लागार कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वनसेवेच्या परीक्षा आणि संशोधन संस्था, इथे या पदवीला किंमत आहे.

पैशाची अडचण सांगणाऱ्या पालकांसाठी दोन शब्द. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, परदेशी जाणाऱ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी धावपळ करून मिळत नाहीत, ते दहावीतच काढून ठेवावेत. काउंटरच्या या बाजूला बसून आम्ही हे रोज पाहतो.

धोरण हा आपला प्रांत नव्हे, असे कोणी म्हणू नये. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम त्यांच्या खात्याने पुढे नेले आणि पाटबंधारे व जलमार्ग यांसाठीचा केंद्रीय आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलांना पाठ असतो, पण पाण्याचे हे दुसरे काम फारसे कोणी सांगत नाही.

त्या मुलीने अखेर बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वडील अजून पुरते राजी नाहीत. मुलीच्या जातीने चिखलात उतरायचे, हे त्यांना पटत नाही. आम्ही तिला कोळ्यांचा हिशेब सांगितला होता, की तिथीच्या आकड्याचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते. परवाच्या रविवारी एकादशी होती. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. ती आठ वाजल्यापासून दुर्गाडीखाली एका दगडावर खूण करून उभी राहिली. सव्वाआठ वाजून गेले तरी पाणी चढतच होते. मुंबईची भरती इथवर चढून यायला वेळ लागतो, हे आम्हाला तिच्याकडून कळले. किती मिनिटे उशीर झाला ते तिने वहीत लिहून घेतले आहे आणि आता पौर्णिमेला पुन्हा जाणार आहे.